‘समर्थनीय’ म्हणजे बरोबर नव्हे

आमच्या पाटबंधारे खात्यात एखाद्या कर्मचाऱ्याने आदेशाविना काही केले आणि त्यातून तक्रार उद्भवली, की त्याच्या प्रकरणावर शाखा अभियंत्याचा अभिप्राय मागवला जातो. अभिप्रायाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते. ‘सबब, सदर कृती समर्थनीय आहे’ किंवा ‘नाही’. मधला पर्याय सहसा नसतो. गेल्या तीसेक वर्षांत मी हे वाक्य दोन्ही प्रकारे पुष्कळदा लिहिले. आता निवृत्ती दृष्टिपथात आहे, कसबा बावड्यात घर झाले आहे, आणि दिवाळी अंकासाठी नोकरीतले काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा धरण, महापूर, मंत्र्यांचे दौरे यापेक्षा मला हा एक शब्दच आधी आठवला.

घरात या शब्दाची चेष्टा होते. आमटीत मीठ जास्त पडले तर आमची मंडळी विचारतात, “समर्थनीय आहे का?” मी कारण विचारतो. “शेजारीण बोलत बसली होती,” असे उत्तर आले की मी नाही म्हणतो. “गॅस संपत आला होता, घाई झाली,” असे आले की हो म्हणतो. आमटी दोन्ही वेळा खारटच असते. थोडक्यात सांगायचे तर या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

नवा होतो तेव्हा मी ‘समर्थनीय’ आणि ‘योग्य’ हे एकच समजत होतो. तो गैरसमज एका बंधाऱ्याने दूर केला. पण त्याआधी बंधारा म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण शहरातल्या वाचकाला बंधारा म्हटले की धरणाची भिंत डोळ्यांसमोर येते.

आमच्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीपात्रात ओळीने उभे केलेले दगडी खांब. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला, की त्या खाचांत लाकडाच्या जाड फळ्या एकावर एक बसवायच्या. या फळ्या म्हणजे बरगे. बरग्यांच्या दोन ओळी असतात आणि मधल्या पोकळीत चिकण माती ठासायची. नदी अडते, मागे पाणी तुंबते, दोन्ही काठांवरचे पंप चालतात. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे बरगे पुन्हा काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पूर खांबांमधून मोकळा निघून जातो.

सगळा खेळ बरगे कधी काढायचे यात आहे. लवकर काढले तर ऐन उन्हाळ्यात पाणी वाहून जाते आणि उभी पिके वाळतात. उशीर झाला आणि पाणी बरग्यांच्या डोक्यावरून वाहू लागले, तर मग माणूस तिथे उभाच राहू शकत नाही, बरगे दाबाने खाचांत घट्ट बसतात, आकडा लावून ओढले तरी हलत नाहीत. वाट न मिळालेले पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापते. काठ म्हणजे कुणाचे तरी शेत. म्हणून नियम असा, की एरवी ठरलेल्या मुदतीला, आणि त्याआधी पुराची चिन्हे दिसली तर शाखा अभियंत्याच्या आदेशाने बरगे काढावेत.

माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. शेजारच्या शाखेतल्या एका अभियंत्याने कुणाच्या तरी शब्दाखातर ठरलेली मुदत उलटून गेल्यावरही बरगे काढले नाहीत. त्या साली पाऊस लांबला. ऊस वाचला, त्याचा गावात सत्कार झाला, नारळ आणि फेटा मिळाला. त्रयस्थ म्हणून माझ्याकडे प्रकरण अभिप्रायाला आले तेव्हा मी ‘असमर्थनीय’ लिहिले. गावचे एक पुढारी कार्यालयात येऊन माझ्यावर ओरडले, “अवो सायेब, पानी वाचलं की! नुकसान कुनाचं झालं त्ये तरी सांगा!” नुकसान कुणाचेच झाले नव्हते. पण पाऊस लांबणार हे त्या अभियंत्याला ठाऊक नव्हते. त्याने लोकांच्या शेतांवर जुगार लावला आणि तो लागला. लागलेला जुगार बरोबर ठरतो, समर्थनीय ठरत नाही. हे त्या पुढाऱ्यांना पटले नाही आणि मलाही तेव्हा इतक्या सरळ शब्दांत सांगता आले नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट राऊची.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला माझ्याकडे आजऱ्याकडून पूर्वेला कर्नाटकात जाणाऱ्या नदीवरचे काही बंधारे होते. त्यातल्या सीमेजवळच्या एका बंधाऱ्यावर राऊ चौकीदार होता. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. राऊ चाळिशीचा, रोजंदारीवरचा. पुष्कळ वर्षे काम करूनही कायम झालेला नव्हता. त्या साली अशा कामगारांना सेवेत कायम करण्याचे आदेश आले होते आणि यादीत त्याचे नाव होते. अट एकच, सेवेत ठपका नको.

मे महिन्याच्या मध्यावर, मुदतीला अजून अवकाश असताना, राऊने मधले गाळे उघडले. आदेश नव्हता. मी त्या दिवशी दुसऱ्या टोकाला कालव्याच्या कामावर होतो. त्याने सायकलवरून पाठवलेला माणूस मला गाठेपर्यंत दुपार टळून गेली होती. मी मोटारसायकलने पोचलो तेव्हा पाणी धो धो खाली चालले होते, राऊ आणि त्याचे मजूर ओले होऊन काठावर बसले होते, आणि आकाश निरभ्र होते.

“राऊ, हे काय केलंस?”

“सायेब, लोंढा आला बगा. काल सांच्याला आजऱ्याकडं नुसती इजांची झुंबड उडालती. आन सकाळी बगतोय तर पानी लाल! काटक्या, पालापाचोळा, फेस. बोटबोट चढत चाललंय. पोस्टात फोन लावाया गेलतो, तर फोन मेलेला.”

“मग आता वरून येणारं पाणी कमी का होतंय?”

तो नदीकडे बघत राहिला. “त्येच कळंना झालंय,” म्हणाला.

आम्ही दोन गाळ्यांत बरगे परत घालून पाहिले. पण वाहत्या पाण्यात ते नीट बसत नाहीत आणि माती तर टिकतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यामागे दगड उघडे पडले होते. मधला एक डोह तेवढा शिल्लक राहिला. पंपांचे पाईप हवेत लोंबत होते.

गावात आग पेटावी तसे झाले. गाव लिंगायत आणि मराठा, निम्मे लोक घरात कानडी बोलणारे. पाणीपुरवठा मंडळाचे अध्यक्ष बसाप्पाअण्णा यांनी सगळ्यांच्या सह्यांची तक्रार दिली. राऊला काढून टाका, एवढेच मागणे नव्हते. आरोप मोठा होता. राऊची सासरवाडी खालच्या बंधाऱ्याच्या गावात. सासऱ्याच्या मिरचीला पाणी मिळावे म्हणून त्याने आमचे पाणी सोडले, असे त्यांचे म्हणणे. माझ्यासमोर देवळाच्या कट्ट्यावर बसाप्पाअण्णा म्हणाले, “सायेब, तुमी शिकल्याली मानसं. आबाळात ढग न्हाई, आन ह्यो म्हनतुय पूर आला! बायकोच्या माहेराला पूर आला म्हना की!” सगळे हसले. राऊ खांबाला टेकून उभा होता. त्याच्या कानापर्यंत रक्त चढलेले मला दिसले.

आरोपाचा निकाल लावणे सोपे होते. खालच्या बंधाऱ्याचे बरगे कुजले होते, म्हणून त्या साली तिथे पाणी अडवलेलेच नव्हते. राऊने सोडलेले पाणी सासरवाडीला क्षणभरही थांबले नाही, सरळ कर्नाटकात गेले. मी हे सांगितल्यावर अण्णा थोडे नरमले. “बरं, चोर न्हाई. मग खुळा हाय. खुळ्याला कशाला ठेवताय?” असे म्हणून त्यांनी विषय तिथेच आणून ठेवला. आणि खरा प्रश्न तोच होता.

पूर आला नव्हता, तर लाल पाणी आले कुठून? मी नदीकाठाने वर गेलो. वरचा बंधारा दुसऱ्या शाखेकडे होता. तिथे पोचलो तर सगळे बरगे व्यवस्थित काठावर रचलेले, आणि गवंडी खांबाच्या पायथ्याशी दगड बसवत होते. एक खांब खिळखिळा झाला होता, म्हणून दुरुस्तीसाठी त्यांनी बंधारा मोकळा केला होता. त्यांचे साठलेले पाणी गाळ, पालापाचोळा, काटक्या घेऊन आमच्याकडे आले होते. तिथला मुकादम मला म्हणाला, “खाली सांगितलं असल की कुनीतरी.” कुणीच सांगितलेले नव्हते.

ही चूक बंधाऱ्यावर काम करणारा माणूसच करू शकतो. इतर कुणी लाल पाण्याकडे पाहून पाण्याचा रंग बदलला एवढेच म्हणेल. राऊला त्या रंगात पूर दिसला, कारण दहा पावसाळे त्याने पुराची सुरुवात तशीच पाहिली होती. आदल्या संध्याकाळी आजऱ्याकडे वीज चमकली होती हेही खरे. वळीव तिकडे पडला होता, पण नदी फुगावी इतका नव्हता. दोन खऱ्या गोष्टी जोडून त्याने एक खोटा निष्कर्ष काढला. आणि काही वर्षांपूर्वी शेजारच्या बंधाऱ्यावर बरगे वेळेत न निघाल्याने अर्धा काठ वाहून गेला होता, तेव्हा तिथे मदतीला गेलेल्या मजुरांत राऊ होता.

मी अभिप्राय लिहायला बसलो. राऊ चुकला होता, यात शंका नव्हती. गावाचे नुकसान झाले होते, यातही नव्हती. पण हा शब्द लावताना परिणाम बाजूला ठेवावा लागतो. सकाळी काठावर उभे असताना त्या माणसाला काय माहीत होते? विचारायचा प्रयत्न त्याने केला का? थांबला असता आणि खरोखर पूर असता तर? त्याच्या जागी दुसरा जाणता माणूस असता तर त्याने काय केले असते? मी स्वतःला तिथे उभे करून पाहिले. मीही गाळे उघडले असते. म्हणून लिहिले, की वरचा बंधारा दुरुस्तीसाठी मोकळा केल्याची सूचना या शाखेस मिळालेली नसल्याने चौकीदारास वाढते गढूळ पाणी पुराचे वाटणे स्वाभाविक होते. सबब, सदर कृती समर्थनीय आहे.

आमचे उपअभियंता साहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

“सूचनेचं वाक्य काढून टाका.”

“का साहेब?”

“वरच्या शाखेवर बोट जातंय. तो माणूस माझ्याबरोबर शिकलेला, एका वर्गातला. कशाला उगाच? तुमचा राऊ वाचायला हवा ना? मग ‘क्षम्य’ लिहा. आजवरची सेवा चांगली आहे, कृती क्षम्य आहे. झालं.”

वरवर पाहता दोन्हींनी माणूस वाचतो. पण ‘क्षम्य’ म्हणजे दोष आहे आणि आम्ही तो पोटात घालतो. दोषाची नोंद राहते, आणि कायम करण्याच्या यादीत ठपका नको होता. ‘समर्थनीय’ म्हणजे दोषच लागत नाही. मात्र हा शब्द कारणाशिवाय उभा राहत नाही. ‘क्षम्य’ला कारण लागत नाही, साहेबांची मर्जी पुरते. मी हे सगळे साहेबांना सांगितले. जरा जास्तच सांगितले असावे, कारण ते म्हणाले, “अहो, व्याख्यान नको. नोकरी राऊची आहे की तुमची?”

“राऊचीच आहे, साहेब. म्हणून तर.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग टेबलावरचा फोन ओढून त्यांनी वरच्या शाखेच्या त्या अभियंत्याला लावला. मी उठू लागलो तर हातानेच बसा म्हणाले. “अरे बाबा, तुझं नाव येतंय माझ्या एका कागदात,” अशी सुरुवात करून त्यांनी सगळे सांगितले. पलीकडचा बराच वेळ बोलत होता. शेवटी साहेब हसले. फोन ठेवून मला म्हणाले, “तो म्हणतोय, लिहू दे. टपाल पाठवायचं राहून गेलं, माणूस पाठवायचंही सुचलं नाही. वर म्हणतोय, त्या चौकीदाराच्या जागी मी असतो तर मीही काढले असते.” आणि त्यांनी सही केली.

कायम करण्याची यादी त्याच महिन्यात निघाली आणि राऊ कायम झाला. आदेश हातात देताना मी त्याला अभिप्राय वाचून दाखवला. त्याने नीट ऐकला आणि विचारले, “म्हंजी सायेब, माझं बरोबर हुतं?”

“नाही राऊ. चुकलंच. पण तुझ्या जागी कुणीही चुकला असता.”

“मग चुकलं म्हनून का न्हाई लिवलं?”

“लिहिलं असतं तर तू कायम झाला नसतास.”

त्याने आदेशाची घडी करून खिशात ठेवली. “तुमचा शबूद हापिसात चालतुय सायेब,” तो म्हणाला, “गावात न्हाई चालत. गंगाक्काचा तरवा जळाय लागलाय, तिला काय सांगू? समर्थ का काय हुतं म्हनून?”

गंगाक्का ही बंधाऱ्याच्या वरच्या बाजूची विधवा शेतकरी. मिरचीची रोपे, म्हणजे तरवा, ती मे महिन्यात टाकायची आणि पाऊस पडल्यावर अर्ध्या गावाला रोपे विकायची. तिचे साल त्या तरव्यावर. पंप बंद पडला, तशी रोपे माना टाकू लागली. तक्रारीवर तिचाही अंगठा होता.

पुढच्या आठवड्यात मी बंधाऱ्यावर गेलो तर चौकीत राऊ नाही. शोधत गेलो. गंगाक्काच्या वावराच्या कडेला बैलगाडी उभी होती, गाडीत पाण्याचे पिंप. राऊ डोहातून पिंप भरून आणत होता आणि कळशीने एकेका वाफ्याला पाणी घालत होता. गाडी भावाची, बैलही भावाचे. रोज सकाळी ड्यूटीच्या आधी आणि संध्याकाळी ड्यूटीनंतर. त्या दिवशी मात्र सकाळचे काम लांबले होते, आणि मला पाहून तो ओशाळला. गंगाक्का बांधावर उभी राहून, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसे ‘तम्मा’ म्हणत, त्याला सूचना देत होती.

“तम्मा, त्या कडंच्या वाफ्याला घाल की. मुळावर घाल, पानावर नको.” आणि मला म्हणाली, “या सायेब. ह्यो रोज येतोय. पैल्या दिशी मी शिव्या घातल्या, यप्पा, काय काय बोलले! तरी पानी घालत बसला. आता काय बोलू?”

“राऊची चूक तशी नव्हती, अक्का,” मी म्हणालो. “वरून पाणी आलं होतं.”

“ती तुमी बगा. माजी रोपं वरच्या पान्यानं मेली, का खालच्या, मला काय त्येचं?”

पाऊस सुरू होईपर्यंत निम्मा तरवा वाचला. निम्मा गेला.

कायमच्या नोकरीचा प्रश्न सुटला तरी राऊ त्या बंधाऱ्यावर राहील की नाही हे ठरले नव्हते. बसाप्पाअण्णांनी स्वच्छ सांगितले होते, की राऊ इथे असेल तर पावसाळ्यानंतर गाव माती देणार नाही. ही पोकळ धमकी नव्हती. बरग्यांच्या दोन ओळींमध्ये भरायची चिकण माती गावच्या गाड्यांनी यायची, अशी तिथली जुनी रीत. खाते बरगे देते, मजूर देते, माती गाव देते. मातीशिवाय नुसत्या बरग्यांतून सगळे पाणी झिरपून जाते. मी साहेबांना राऊच्या बदलीचा प्रस्ताव तयार ठेवतो म्हणून सांगितले होते. राऊचे घर, शेताचा तुकडा, म्हातारी आई, सगळे त्याच गावात. बदली म्हणजे त्याच्या दृष्टीने शिक्षाच. माझ्या अभिप्रायाने दोष काढून टाकला होता, आणि शिक्षा तरी होणारच होती.

पावसाळा संपल्यावर बरगे घालायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. राऊने मजुरांना घेऊन पहिल्या गाळ्यात दोन्ही ओळी बसवल्या होत्या. मधली पोकळी रिकामी. काठावर गावातली बरीच माणसे येऊन बसली होती, तंबाखू मळत, गंमत बघत. मातीची गाडी एकही नाही. बसाप्पाअण्णा मला रामराम करून म्हणाले, “सायेब, चौकीदार बदला, दुपारपतूर पन्नास गाड्या येत्यात.”

“अण्णा, त्याच्यावर दोष नाही, हे मी लिहून दिलंय.”

“तुमच्या लिवण्याला आमी न्हाई कवा म्हटलंय? पर माती आमची हाय.”

त्यात खोटे काही नव्हते. मी बदलीचा कागद काढायच्या विचारात असताना वरच्या वाटेने एक गाडी उतरताना दिसली. गंगाक्का बैलांच्या पुढे चालत होती, कासरा हातात धरून. गाडीत काळी चिकण माती शिगोशीग. ती काठावर बसलेल्यांकडे न बघता सरळ बंधाऱ्यापाशी आली आणि म्हणाली, “तम्मा, उतरून घे.”

राऊ जागचा हलेना. बसाप्पाअण्णा उठले. “अक्का, आपलं ठरलंय काय? तुजाच तरवा जळला न्हवं?”

“जळला की. निम्मा.” तिने गाडीची फळी काढली. “निम्मा ह्येनं वाचीवला. तुमी कोन आलता वो पानी घेऊन? तक्रारीवर अंगठा घ्याया तेवढं आलता.”

काठावर कुणीतरी हसले. अण्णांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, मग मातीकडे पाहिले. एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरगळले. “माती बरी हाय,” असे म्हणून त्यांनी आपल्या पोराला हाक मारली आणि गाडी जुंपायला सांगितले. दुपारपर्यंत गाड्यांची रांग लागली. बदलीचा कागद माझ्या पिशवीतच राहिला.

निघताना अण्णा मोटारसायकलीपर्यंत पोचवायला आले. “सायेब, खरं सांगू? तुमच्या कागदानं त्येची नोकरी वाचली आसल. त्येचं गाव न्हाई वाचलं. त्ये अक्कानं वाचीवलं.”

मी मान डोलावली. त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या अशाच प्रकरणात ‘समर्थनीय’ लिहायची वेळ आली, की मी खाली आणखी दोन ओळी लिहू लागलो. नुकसान कुणाचे झाले आणि त्याची भरपाई कोणी, कशी करायची. साहेबलोक त्या ओळी बहुतेक वेळा काढून टाकतात. त्यासाठी आपल्याकडे रकाना नाही, असे म्हणतात, आणि तो खरोखरच नाही. मी लिहितो, ते काढतात.